आधी ठरलं, मग विचारलं

बिल्डरची संक्रांतीची ऑफर पंधरा तारखेपर्यंत होती आणि मला वचन मिळालं चौदाच्या पहाटे. जानेवारी २०१७. त्याआधी तीन महिने मी रोज साडेपाचला उठून गुडघ्यावर जात होतो आणि एकच मागणं मागत होतो : बापा, मार्ग दाखव. त्या दिवशी बायबल उघडलं ते यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायावर. दुसऱ्या वचनात तंबूची जागा वाढवायची, कनाती ताणायच्या, दोर लांब करून मेखा घट्ट ठोकायच्या अशी गोष्ट आहे. वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं, एवढं आजही म्हणेन. टू बीएचके सोडून थ्री बीएचके घ्यावा की नाही, हा माझा प्रश्न. आणि साक्षात यशया संदेष्टा मला जागा वाढव म्हणून सांगत होता. बिल्डरची तारीख परमेश्वराच्या लक्षात होती याचं मला त्या दिवशी मोठं कौतुक वाटलं. पंधराला रविवार होता. भक्ती आटोपली, पाळकसाहेबांशी हात मिळवला आणि तसाच साइटवर जाऊन चेक देऊन आलो.

हे सगळं डायरीत लिहिलेलं आहे. बावीस वर्षं मी शास्त्रपाठाची डायरी ठेवतो. बायबलमध्ये एक हजार एकशे एकोणनव्वद अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुरं होतं. ज्या त्या दिवसापुढे बरोबरची खूण. मी बँकेत नोकरी केली, खुणा करणं अंगात भिनलेलं. परवा ती २०१७ ची डायरी काढली. चौदा जानेवारीच्या पानावर यशयाचं वचन लाल शाईत, खाली तीन रेघा, आणि वर कोपऱ्यात त्या दिवशीचा नेमाचा पाठ, उत्पत्ती ४४ ते ४६, त्यावर बरोबरची खूण. ती खूण मी नंतर केली असणार, कारण तो पाठ मी त्या पहाटे वाचला नव्हता. नेमाचा पाठ सोडून मी मधूनच पुस्तक उघडलं होतं.

काय होतं त्या पाठात? योसेफाचे भाऊ धान्यासाठी दुसऱ्यांदा मिसरात आले आहेत. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडला आहे. आणि यहूदा, ज्याने पूर्वी एका भावाला विकायची युक्ती काढली होती तोच यहूदा, दुसऱ्या भावाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला पुढे येतो. म्हाताऱ्या बापाला आता आणखी धक्का नको म्हणून विनवतो. भावंडांच्या हिशेबाबद्दल याहून सरळ पान अख्ख्या शास्त्रात मिळणं कठीण. ते त्या दिवशी माझ्या वाट्याला आपोआप आलं होतं. मी ते उलटून पुढे गेलो.

आता माझा हिशेब सांगतो.

वडील २०१५ मध्ये गेले. नगर जिल्ह्यातल्या गावी आमचं घर आणि घरालगत नऊ गुंठे जागा. मृत्युपत्र नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मागे राहिलेल्या बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मी आणि माझी थोरली बहीण, अशी दोनच भावंडं. म्हणजे आईचा एक वाटा, अक्काचा एक, माझा एक, तिन्ही सारखे. हा कायदा मी बँकेत कितीतरी वारसांना समजावून सांगितला होता, तो मला ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही. घर-जागा चोवीस लाखांना गेली. आठ, आठ आणि आठ. चोवीसच्या चोवीस माझ्या फ्लॅटमध्ये गेले.

अक्का नर्स होती. आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, सोलापुरात छोटं घर केलं, नवऱ्याचं दुखणं एकटीनं काढलं. मी तिला फोनवर सांगितलं, की फार प्रार्थना केली, परमेश्वरानं वचन देऊन मार्ग दाखवला आहे, गावचं विकून आईला पुण्याला आणायचं, तिच्यासाठी स्वतंत्र खोली होईल असं घर घ्यायचं. तिकडून काही वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "देवानं तुला सांगितलं म्हणतोस, मग माझं काय राहिलं बोलायला?"

तिचा विश्वास मोठा, असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं.

हक्कसोडपत्राच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायच्या आधी मी सगळ्यांना घरी उभं केलं आणि प्रार्थना केली. लांब केली. आमच्यात प्रार्थनेचा म्हणून एक आवाज असतो, तो लहानपणापासून कानावर पडून आपोआप येतो : थोडा घोगरा, थोडा कापरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हे दयाळू स्वर्गीय पित्या'. त्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला कुणी मध्येच थांबवत नाही. आईनं डोळे मिटले होते. अक्कानं मिटले होते. पदर डोक्यावर घेऊन दोघी उभ्या होत्या आणि मी परमेश्वराचे आभार मानत होतो की त्यानं आमच्या कुटुंबात एकमत दिलं. नंतर सह्या झाल्या. अक्काला मी पैठणीच्या काठाची साडी दिली.

तिसरी आज्ञा परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नये अशी आहे. मी ती शिव्या-शपथांपुरती समजत आलो. गल्लीत कुणी देवाची शपथ घेतली तर पोरांना टोकायचो. स्वतःच्या अर्जावर परमेश्वराची सही आपल्याच हातानं मारायची, हा गुन्हा त्या आज्ञेत बसतो हे साठी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बँकेत एवढ्यासाठी मी माणसं घरी बसलेली पाहिली आहेत.

बायकोनं विचारलं होतं. बुकिंगच्याही आधी, डिसेंबरमध्ये, भाजी निवडता निवडता. "अक्कांना विचारलंत का, त्यांना काय हवंय ते?" मी म्हटलं, "प्रार्थना करतोय." ती पुन्हा काही बोलली नाही. तीन महिन्यांत मला मिळालेलं खरं मार्गदर्शन तेवढंच होतं बहुतेक. पण ते मेथीच्या जुडीसमोर बसून आलं होतं, पहाटे गुडघ्यावर असताना नव्हे, आणि त्याला अध्याय-वचनाचा आकडा नव्हता.

वचन काढण्याची ही सवय माझी एकट्याची नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये नव्या वर्षाचं वचन घेण्यासाठी रांग लागते. ताटात गुंडाळ्या असतात, जी हाताला येईल ती वर्षभराची. घरोघरी वचनपेट्या असतात, जेवणाआधी एक चिठ्ठी काढायची. मला हे आवडतं, लहानपणी तर फार आवडायचं. जर्मनीतल्या हेर्नहूटचे मोरेव्हियन लोक १७३१ पासून वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं वचन चिठ्ठ्या टाकून काढतात आणि छापतात. ती पुस्तिका अजून निघते. पण तिथे चिठ्ठी सगळ्या मंडळीसाठी निघते, तीही दोन-तीन वर्षं आधी. कुणाच्या बुकिंगच्या आदल्या दिवशी नाही.

माझ्यासोबत बँकेत मालवणकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या गावी देवाला कौल लावायची रीत. एकदा डबा खाताना मी जरा ऐटीत म्हणालो, आमच्यात असलं नसतं, आम्ही शास्त्र वाचून निर्णय घेतो. त्यांनी विचारलं, शास्त्रात तुमच्या बदलीचं कुठं लिहिलंय? मी वचन मिळण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि पहिलं मनासारखं नाही मिळालं तर?" मी हसलो. तर दुसरं काढतो, हे मी बोललो नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "उजवा कौल पडेपर्यंत लावत बसलं तर तो कौल नव्हे, गुरवाला त्रास." तो डबा मी अजून विसरलो नाही.

गिदोनाची लोकर आम्हा लोकांच्या फार तोंडी असते. लोकर ओली आणि जमीन कोरडी, मग लोकर कोरडी आणि जमीन ओली. मार्गदर्शन कसं मागावं याचा नमुना म्हणून ही गोष्ट प्रार्थनासभेत सांगतात, मीही सांगितली आहे. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगून झालं होतं, हे त्याच अध्यायात थोडं वर आहे. लोकर त्याच्या भीतीपोटी आली. देवानं ती चालवून घेतली, ही देवाची दया. त्यात गिदोनाची हुशारी कुठे दिसत नाही.

ऑगस्टीनचंही उदाहरण देतात. ३८६ साली मिलानच्या बागेत मुलाचा आवाज ऐकून त्यानं पौलाचं पुस्तक उघडलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. तोच ऑगस्टीन पुढे एका पत्रात लिहितो की संसाराच्या कामांसाठी शुभवर्तमानाच्या पानांवरून शकुन बघण्याची रीत त्याला पसंत नाही. हे उत्तरार्धाचं कुणी सांगत नाही. बागेत उघडलेल्या त्या पानानं ऑगस्टीनला जे सोडायला लावलं ते सोडणं त्याला वर्षानुवर्षं जमत नव्हतं. मी माझ्या सगळ्या डायऱ्या चाळल्या. एकाही वचनानं मला कधी काही सोडायला लावलेलं नाही. बदली रोखावी, मुलाला इंजिनिअरिंगला घालावं, गाडी घ्यावी, फ्लॅट घ्यावा : बावीस वर्षांत वचन दर वेळी माझ्याच बाजूनं आलं. बँकेत एखाद्या शाखेचा ताळेबंद बावीस वर्षं एका पैशाचाही फरक न पडता जुळला असता तर मी पहिल्यांदा ऑडिटर पाठवला असता.

मे २०२२ मध्ये मी निवृत्त झालो. आईला काचबिंदू. तोवर ती स्वतः वाचायची, अक्षराला बोट लावून. त्या वर्षी तेही बंद झालं. जूनपासून रात्री जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवू लागलो. पहिल्या दिवशी विचारलं, काय वाचू, स्तोत्र वाचू का? तिला स्तोत्रं आवडतात म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पहिल्यापासून धर."

आईची आई मुक्ती सदनात वाढलेली, केडगावला. पंडिता रमाबाईंना तिनं पाहिलं नसावं. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, आजी तेव्हा अगदीच लहान होती. पण रमाबाईंचं बायबल तिच्याकडे होतं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी ते शेवटपर्यंत राबून केलं. ते छापलं मुक्तीतल्याच छापखान्यात, पुरं पुस्तक निघालं १९२४ मध्ये. आजीच्या पुस्तकाचा पुठ्ठा गेलेला होता आणि पहिली काही पानं दोऱ्यानं शिवलेली. तिचा नियम एकच : शास्त्र मधून उघडायचं नाही. जिथे काल थांबलो तिथून पुढे. आई तो नियम घेऊन सासरी आली होती, हे मला माझ्या आईबरोबर जन्म काढून साठाव्या वर्षी कळलं.

रोज एक अध्याय. काही गाळलेलं तिला चालत नाही. पहिल्या इतिहासाच्या सुरुवातीला नुसती नावं आहेत, अमक्याचा मुलगा तमका, नऊ अध्याय. मी म्हटलं, हे सोडू या का? ती म्हणाली, "मग त्यांची नावं घ्यायची कुणी?" वाचली. लेवीयातले कुष्ठाचे नियम वाचले, निवासमंडपाची मापं वाचली. सुरुवातीला मला हे कंटाळवाणं झालं होतं, कबूल करतो. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली : क्रमानं वाचताना काय पुढे येणार हे आपल्या हातात राहत नाही. मी तिच्यासाठी वाचत होतो, त्यामुळे मला जे ऐकायचं नव्हतं तेही मोठ्यानं म्हणावं लागत होतं.

२०२४ च्या जूनमध्ये यशयाचा चौपन्नावा अध्याय आला. माझं वचन. मी जरा सरसावून बसलो. पण क्रमानं वाचायचं म्हणजे दुसऱ्या वचनाआधी पहिलं वाचणं भाग. पहिल्या वचनात संदेष्टा कुणाशी बोलतो आहे ते येतं : मूल नसलेल्या, टाकलेल्या बाईशी. पुढेही तेच. तिला परत बोलावलं जातं आहे, तिची लाज पुसली जाते आहे. तंबू वाढवायला सांगितलं आहे ते तिला, कारण तिच्या दारी माणसं येणार आहेत. माझ्या लाल शाईखाली हे सगळं सात वर्षं होतं. समोर पलंगावर माझी आई बसली होती. जिचं घर विकलं, अंगणातली बोरीची नि चिंचेची झाडं विकली, जिला सहाव्या मजल्यावरच्या उत्तरेच्या खोलीत आणून ठेवलं आणि जिच्या नावानं तो मोठा फ्लॅट घेतला. ती खोली तिची म्हणतो आम्ही; तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि नातवाची सायकलही असते. आई त्या रात्री काही बोलली नाही. अध्याय संपला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असावी, अशी मी मनाची समजूत घातली.

याच वचनावर १७९२ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅमला विल्यम केरीनं प्रवचन केलं होतं. केरी मूळचा चांभारकाम करणारा. पुढच्याच वर्षी तो बायकामुलं घेऊन बंगालला आला आणि परत गेला नाही. १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला तो त्याच्या खटपटीतून. हे मला आधीपासून ठाऊक होतं, प्रवचनात मी सांगितलंही आहे. त्याचे दोर नॉटिंगहॅमहून सेरामपूरपर्यंत पोचले. माझे एका बेडरूमनं लांबले.

मग यिर्मया सुरू झाला. बेचाळिसावा अध्याय ऑगस्टच्या मध्यात आला. बाहेर पाऊस, वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात वाचत होतो.

हा अध्याय मी पूर्वी वीस वेळा तरी वाचला असेल, म्हणजे त्यावर खुणा केल्या असतील. यरुशलेम पडलं आहे. बाबेलच्या राजानं नेमलेल्या गदल्याचा खून झाला आहे. उरलेसुरले लोक घाबरून निघाले आहेत आणि बेथलेहेमाजवळ थांबले आहेत, मिसराच्या वाटेवर. तिथे ते यिर्मयाकडे येतात, लहानथोर सगळे. म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर, परमेश्वर सांगेल तसं करू, आम्हाला आवडो न आवडो. दहा दिवस जातात. दहाव्या दिवशी उत्तर येतं : इथेच राहा, मिसरात जाऊ नका. पुढच्या अध्यायाच्या तोंडीच ते यिर्मयाला लबाड ठरवतात, बारूखानं तुझे कान भरले म्हणतात, आणि मिसरात जातात.

मी बेचाळिसावा संपवला आणि आई म्हणाली, "मिसराच्याच वाटेवर थांबले होते ना?"

"हो."

"म्हणजे गाठोडी बांधून झाली होती." थोडं थांबून म्हणाली, "मग विचारलं कशाला?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. तिला दिसतच नाही. तिच्या मनात ते बेथलेहेमाजवळचे लोकच होते, याबद्दल मला शंका नाही. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. तिनं टोमणा मारला असता तर मी माझी बाजू मांडली असती. मी उद्या पुढचं वाचतो म्हणालो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग विचारलं कशाला? मी त्या रात्री आणि त्यानंतर पुष्कळ रात्री ह्या प्रश्नाला उत्तर शोधलं. ढोंग म्हणून विचारलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ढोंगी माणूस पहाटे एकट्यानं गुडघ्यावर जात नाही. मला परमेश्वराची इच्छा खरोखर हवी होती, फक्त ती माझ्या इच्छेवर येऊन बसलेली हवी होती. जॉर्ज म्यूलर, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारा, देवाची इच्छा शोधण्याची आपली पद्धत सांगतो तेव्हा त्याची पहिली पायरी ही, की त्या बाबतीत मन स्वतःची इच्छा नसलेल्या जागी आणायचं. बाकीचं सगळं त्यानंतर. म्यूलरचं पुस्तक रमाबाईंनी वाचलं होतं, त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. मीही वाचलं होतं. ह्याच पानावर माझ्या पेन्सिलची रेघ आहे, आणि शेजारी कागद कमी पडला म्हणून की काय, फ्लॅटच्या प्रति चौरस फुटाचा दर लिहिलेला आहे.

डायऱ्या पुन्हा काढल्या. या वेळी मी वचनं वाचली नाहीत, नुसते प्रश्न वाचत गेलो. बावीस वर्षांत मी परमेश्वराला काय काय विचारलं. शेकडो नोंदी. त्यात 'अक्काचा वाटा तिला द्यावा का?' हा प्रश्न एकदाही नाही. आईला गाव सोडवेल का, हा नाही. विचारावंसं वाटलंच नाही, कारण त्यांची उत्तरं ठाऊक होती. ज्यांची उत्तरं ठाऊक नव्हती, किंवा दोन्ही बाजूंनी चालली असती, तेवढेच मी त्याच्यापुढे नेले. मीखा सांगतो की काय बरं ते माणसाला आधीच सांगून झालं आहे. तेव्हा माझ्या तीन महिन्यांच्या प्रार्थना म्हणजे आलेलं पत्र न फोडता पोस्टमनला रोज विचारणं, की आमचं काही आहे का?

इथवर लिहून मला स्वतःबद्दल बरं वाटू लागलं आहे, म्हणून पुढचं लगेच सांगतो.

सप्टेंबरात मी ठरवलं, अक्काचे पैसे द्यायचे. आठ लाख. आणि लगेच डोक्यात हिशेब सुरू झाला : नुसते आठ की व्याजासह? सात वर्षं, सात टक्क्यांनी चक्रवाढ धरलं तर पावणेतेरा लाखांच्या वर जातं. मी पहाटे उठलो आणि, हसू नका, मार्गदर्शन मागितलं. शास्त्रात बघितलं. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात, शेजाऱ्याला फसवून घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे. म्हणजे नऊ लाख साठ हजार. लूकमध्ये जक्कय आहे, तो चौपट देतो. बत्तीस लाख. मी लेवीयावर बोट ठेवलं, आणि मन कसं शांत झालं! ही शांती म्हणजेच परमेश्वराची होकाराची खूण, असं म्हणण्याच्या मी बेतात होतो. मग लक्षात आलं की शास्त्रातलं सगळ्यात स्वस्त वचन मला पुन्हा सापडलं होतं. नियमशास्त्र जुनं, कृपा नवी, असं प्रवचनात शंभरदा सांगणाऱ्या मला त्या पहाटे लेवीय एकदम प्रिय झाला. बँकेचा दरसुद्धा लेवीयापेक्षा महाग पडत होता.

आठ तरी एकरकमी होते का? नव्हते. दोन लाखांची ठेव मोडली आणि सोलापूरला गेलो. अक्कानं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. यशया, यहूदा, संक्रांतीची ऑफर. प्रार्थना करून बोलायला सुरुवात करावी असं मनात आलं होतं, पण तोंड उघडलं आणि तोच घोगरा आवाज येऊ लागला, म्हणून गिळला. अक्कानं ऐकून घेतलं. रडली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. चेक उलटसुलट करून बघितला, बँकेच्या माणसाच्या बहिणीनं बघावा तसा, आणि डब्यात ठेवला. म्हणाली, "बाकीचे कधी देतोस ते लिहून दे." दिलं लिहून. मग दाराशी आल्यावर तिनं विचारलं, "आईला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. आईचेही आठ लाख आहेत ना त्यात. तिच्यावर खर्च होतोच की, औषधं, डोळ्यांचे थेंब, असा एक जमाखर्च माझ्या मनात तयार आहे. तो अजून कुणाला दाखवलेला नाही.

यिर्मया तोवर संपला होता, पण त्रेचाळिसावा अध्याय राहिलेला होता. बेचाळिसाव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी चव्वेचाळिसावा वाचला होता. आईच्या ते ध्यानात आलं नसेल असं वाटलं होतं. सोलापूरहून परतल्यावर रात्री पुस्तक घेऊन बसलो तर ती म्हणाली, "ते मिसरात गेले त्याचा अध्याय राहिलाय तुझा."

वाचला. लोक निघतात आणि यिर्मयालाही सोबत नेतात. ज्याचं ऐकलं नाही त्यालाच बरोबर घेतात. तहपन्हेस नावाच्या गावी पोचतात. आणि तिथे, जिथे जाऊ नका म्हणून सांगितलं होतं तिथेच, परमेश्वराचं वचन यिर्मयाला पुन्हा येतं.

"त्यालापण नेलं?" आई म्हणाली.

"हो."

"म्हातारा असेल तेव्हा."

मी पुस्तक मांडीवर तसंच धरून म्हटलं, "आई, गावच्या घराचं एक बोलायचं होतं. अक्काकडे गेलो होतो मी. देवानं मला..."

तिनं हात पुढे केला, चाचपडत पुस्तकाच्या कडेला लावला.

"हे मीट आधी," ती म्हणाली. "मग बोल."